जुन्या भिंतींचा नवा रंग

हॉटेल हा शब्द आपण इंग्रजींतून घेतला. परंतु घेतांना त्याचा अर्थ आपल्या सोयीप्रमाणें वळवून घेतला. प्रवाशास रात्रीं बिछाना मिळतो तें इंग्रजांचें हॉटेल. चहाचा कप आणि बशीभर गरम भजीं मिळतात तें आपलें. मारेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं हा दुसरा अर्थच रूढ आहे. वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या येथील एक जुनें हॉटेल मात्र दोन्ही अर्थ सांभाळून आहे: पुढें चहाची भट्टी, मधल्या दालनांत लांकडी बाकें, आणि मागें शेवटची मोटार चुकलेल्या उतारूंसाठीं दोन खोल्या. आजोबांनीं तें बांधलें, मुलानें चालविलें आणि आतां नातू पाहतो. हा नातू एके काळीं माझा विद्यार्थी होता.

गेल्या दिवाळीपूर्वीं तो मजकडे आला. तीन वर्षांपूर्वीं त्यानें पुष्कळ पैसे खर्चून आंतल्या भिंतींना तकतकीत प्लॅस्टिक रंग दिला होता. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यांत भिंतींना फोड आले, आणि तिसऱ्यांत त्यांचे पोपडे गिऱ्हाइकांच्या चहांत पडूं लागले. आतां एका कंत्राटदारानें त्यास सुचविलें होतें कीं, साऱ्या भिंती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनीं झांकून टाकाव्या. “सर, भिंतच दिसनार नाही, मंग रंगाची कटकट कायले?” असें तो म्हणाला, पण म्हणतांना त्याचा स्वर खालीं गेला. थोडें थांबून त्यानें खरा प्रश्न विचारला: “नाही तं तुम्हीच सांगा, कोनता रंग द्यावा?”

इतिहासाच्या प्राध्यापकास असा प्रश्न विचारणें म्हणजे वैद्य सोडून ज्योतिषाकडे जाण्यासारखें आहे. तथापि विचार करूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, ह्या प्रश्नाचें उत्तर रंगाच्या दुकानांतील पुस्तिकेपेक्षां इतिहासांतच सांपडण्याजोगें आहे. परक्या माणसानें येऊन राहावें अशा जुन्या वास्तूस रंगानें पुन्हां टवटवी कशी आणावी, हें कोडें फार जुनें आहे. कांहींनीं तें नीट सोडविलें, आणि कांहींनीं सद्‌हेतूनेंच तें अधिक गुंतविलें.

आपल्या देशांतील रंगविलेलीं सर्वांत प्रसिद्ध निवासस्थानें म्हणजे अजिंठ्याचे विहार. विहार ही भिक्षूंच्या राहण्याची जागा. वर्षावासाचे महिने ते अशा ठिकाणीं एकत्र काढीत. त्यांतील सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें इसवी सनाच्या पांचव्या शतकांत कोरविलें. हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. तें आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या शेजारीं आहे. विहारास हॉटेल म्हणणें पाखंडाचें होईल हें मी जाणतों. परंतु भिंत रंगविण्याची जी विद्या तेथें दिसते, तिचीं मूलतत्त्वें पुढें दीड हजार वर्षें आपल्या घरोघरीं चालत आलीं, म्हणून तिचा उल्लेख अवश्य आहे. खडकावर माती, भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि त्यावर रंग. रंग कोणते? तांबडी काव, पिंवळी पिवडी, हिरवी माती, काजळी आणि पांढरा. निळा तेवढा परदेशचा, बदक्षानकडील लाजवर्द नांवाच्या दगडाचा. बाकीचे बहुतेक आपल्याच पायांखालच्या भूमींतून निघालेले.

भिंतीवर मातीचेच रंग कां टिकत आले, ह्याचें कारण चुन्यांत आहे. आमच्या भागांत चुनखडीची वाण नाहीं. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या सर्वांस ठाऊक आहेत. चुनखडी सुमारें ९०० अंश उष्णतेंत भाजली म्हणजे तिच्यांतील कार्बन डायॉक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना मागें राहतो. तो पाण्यांत विरवितांना खदखदतो, आणि भिंतीवर फासला म्हणजे हवेंतून तोच वायु पुन्हां शोषून घेऊन हळूहळू दगड बनतो. सफेदीचा एकेक हात म्हणजे कागदाएवढें पातळ असें दगडाचेंच कवच होय. परंतु ओला चुना मोठा तीव्र असतो. फुलापानांचे नाजूक रंग त्यांत मिसळले तर ते लौकरच उडून जातात. काव आणि पिवडी यांस मात्र तो कांहीं करूं शकत नाहीं, कारण त्यांचा रंग लोखंडाच्या गंजाच्या जातीचा असतो. जुने वाडे, धर्मशाळा आणि डाक-बंगले यांचे रंग सौम्य कां दिसतात, ह्याचें उत्तर पूर्वजांच्या रुचींत जेवढें आहे, तेवढेंच ह्या रसायनांत आहे.

पांढऱ्या चुन्यांत चिमूटभर नीळ टाकण्याची चाल वाचकांनीं आपापल्या घरीं पाहिली असेल. चुन्याची किंचित् पिंवळट झांक तिनें मारली जाते व भिंत अधिक शुभ्र भासते. अजिंठ्याच्या चित्रकारास जो निळा रंग दूर देशाहून आणवावा लागे, तोच १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्यें गीमे नांवाच्या रसायनज्ञानें कृत्रिम रीतीनें तयार केला. आणि पुढें तो इतका स्वस्त झाला कीं, परटाच्या घाटावर आणि रंगाऱ्याच्या बादलींत जाऊन बसला. नीळ हात राखून न टाकतां सढळपणें टाकली म्हणजे आपल्या खेडोपाडीं दिसणारी ती आकाशी भिंत तयार होते. राजेलोकांच्या आश्रयानें वावरणारा रंग चहाच्या दुकानांत आला तो ह्या वाटेनें.

ह्या साऱ्या पद्धतींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. चुन्याचा हात कायमचा नसतो, आणि तो तसा असावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरांतलीं भांडींकुंडीं अंगणांत यावयाचीं, कुंचा आणि बादली निघावयाची, आणि भिंतीस नवा हात मिळावयाचा. ज्यांस चुना परवडत नसे ते पांढऱ्या मातीचें पोतेरें फिरवीत. भिंतीचें तारुण्य टिकाऊ पदार्थावर अवलंबून नसून दरसालच्या हातावर अवलंबून होतें. आजची जाहिरात नेमकी ह्याच्या उलट वचन देते: एकदां लावा आणि विसरून जा. जुन्या वास्तूंस जर कशानें मरण येत असेल, तर तें ह्या विसरण्यानें येतें.

पांढऱ्या रंगास भयाचीही एक बाजू आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला तेव्हां घरें धुऊन काढणें, सामान बाहेर टाकणें आणि भिंतींस चुना फासणें हे सरकारी उपाय ठरले. जी सफेदी दिवाळीची वर्दी देत असे, तीच आतां ‘ह्या घरांत कोणी दगावलें’ असें सांगूं लागली. शहर ओस पडूं लागलें व त्याची पत खालावली. अशा वर्षांत जमशेटजी टाटा यांनीं अपोलो बंदराजवळ एक भव्य हॉटेल उभारण्याचें मनांत घेतलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १८९८ सालीं त्या कामास आरंभ झाला. मूळ आराखडे सीताराम खंडेराव वैद्य ह्या मराठी स्थापत्यकारानें डी. एन. मिर्झा यांच्यासह केले. वैद्य काम पुरें होण्यापूर्वींच वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज वास्तुविशारदानें तें तडीस नेलें. १६ डिसेंबर १९०३ रोजीं ताजमहाल हॉटेल उघडलें. त्यांत विजेचे दिवे होते. तेलाच्या व गॅसच्या दिव्यांनीं दालनांचीं छतें काजळून जात. विजेनें तो त्रास मिटला, आणि आंतल्या रंगांची निवड काजळीच्या धाकांतून मोकळी झाली.

परंतु वास्तूच्या नशिबींही फेरे असतात. पहिल्या महायुद्धांत ह्याच हॉटेलांत ६०० खाटांचें रुग्णालय थाटण्यांत आलें. ज्या वास्तूंत माणसें दुखण्याशीं झुंजलीं, तेथें पुन्हां पाहुण्यांस आनंदानें कसें उतरवावें? हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील एका हॉटेलापुढें फार ठळकपणें उभा राहिला. तेथील हकीकत आपल्या विषयास नमुन्यासारखी आहे.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत डोंगरांतील औषधी झऱ्यांच्या कांठीं ग्रीनब्रायर नांवाचें नामांकित जुनें हॉटेल आहे. १९४२ सालीं तें अमेरिकेच्या लष्करानें ताब्यांत घेतलें, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारें २४,००० सैनिकांवर तेथें उपचार झाले. १९४६ सालीं तें मूळच्या रेल्वे कंपनीकडे परत आलें. नूतनीकरणाचें काम डोरोथी ड्रेपर ह्या बाईंवर सोंपविण्यांत आलें. ह्या बाईंचा रंगावर अपार विश्वास. रुग्णालयाचा निर्जीव पांढरेपणा त्यांनीं घालवून दिला, आणि गडद हिरवा, गुलाबी, तांबडा असे रंग शेजारीं शेजारीं बसविले. जमिनीस काळ्यापांढऱ्या फरश्या, आणि भिंतींच्या कागदावर व पडद्यांवर ऱ्होडोडेंड्रॉनचीं भलीं मोठीं फुलें. १९४८ सालीं हॉटेल पुन्हां उघडलें, आणि लोक तें रंगकाम पाहण्यासाठींही येऊं लागले. आपल्या डोळ्यांस तें कदाचित् भडक वाटेल. पण एक गोष्ट विसरतां कामा नये: ऱ्होडोडेंड्रॉन हें त्या संस्थानाचें राज्यपुष्प आहे, भोंवतालच्या डोंगरांत उमलणारें. ड्रेपरबाईंचें धाडस दिसतें तेवढें परकें नव्हतें. खिडकीबाहेरचा डोंगर त्यांनीं खोलींत आणला.

ताजच्या वांट्यास मात्र ह्याहून दारुण प्रसंग यावयाचा होता. त्याआधीं १९७३ सालीं जुन्या इमारतीशेजारीं नवा मनोरा उभा राहिला. त्या काळापासून अनेक वर्षें ह्या हॉटेल-समूहाच्या अंतर्गत सजावटीची धुरा एलिझाबेथ केरकर यांनीं वाहिली. जुन्या वस्तु, चित्रें व देशी कापड यांच्या साह्यानें जुनेपण हेंच त्यांनीं वैभव ठरविलें. पुढें २६ नोव्हेंबर २००८ रोजीं अतिरेक्यांनीं हॉटेलांत शिरून हत्याकांड मांडलें. तीन दिवस तें चाललें. आग, धूर, बॉम्ब आणि अग्निशामकांचें पाणी यांनीं जुन्या इमारतीचे वरचे मजले उद्‌ध्वस्त झाले. मनोऱ्याचा भाग त्याच वर्षीं २१ डिसेंबरला उघडला. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजीं, म्हणजे सुमारें २१ महिन्यांनीं. येथें दोन वाटा होत्या. सारें पुसून अगदीं नवें करावें, म्हणजे आठवणीच नकोत. किंवा काजळी काळजीपूर्वक धुऊन जुन्याच वळणावर नवा साज चढवावा. जुना जिना, घुमट आणि दालनें ज्यांनीं पूर्वीं पाहिलीं होतीं, त्यांस पुन्हां ओळखतां यावीं असा दुसरा मार्ग पत्करण्यांत आला. मेलेल्यांचें विस्मरण न होतां जिवंतांचें येणेंजाणें चालूं राहावें, ह्यासाठीं वास्तूची ओळख कायम ठेवणें अवश्य होतें.

उलट उदाहरण फार दूर नाहीं. काळा घोड्याजवळ १८६७ ते १८६९ ह्या काळांत उभें राहिलेलें वॉटसनचें हॉटेल हें लोखंडी सांगाड्याचें. तो सांगाडा इंग्लंडांत घडवून जहाजानें आणला होता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविण्यांत आलीं तीं ह्याच वास्तूंत. पुढें हॉटेल बंद झालें, दालनांचे लहान लहान गाळे पडले, आणि निगा हा शब्दच तेथून हद्दपार झाला. २००५ सालीं इमारतीचा कांहीं भाग कोसळला. ज्या वास्तूस वर्षानुवर्षें कुणाचा हात लागत नाहीं, तिला रंगाचा प्रश्न पडत नाहीं. तिला फक्त पाडण्याचा प्रश्न पडतो.

असो. निगा न घेण्याचा अपाय उघड असतो. चुकीच्या निगेचा अपाय उशिरां कळतो. त्यासाठीं पुन्हां अजिंठ्यास गेलें पाहिजे. निझाम सरकारनें १९२० च्या सुमारास चेक्कोनी व ओर्सिनी ह्या दोघां इटालियन तज्ज्ञांस अजिंठ्याचीं चित्रें वांचविण्यासाठीं बोलाविलें. सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं घट्ट केला, ही त्यांची सेवा मोठीच. परंतु चित्रें उठून दिसावीं म्हणून त्यांवर लाखेचें रोगणही चढविण्यांत आलें. त्या वेळीं चित्रें झळाळलीं. कालांतरानें तेंच रोगण पिंवळें पडलें, त्यांत धूळ व धूर अडकले, आणि चित्रें अधिकच काळवंडलीं. मग पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस तें रोगण जपून काढीत बसावें लागलें. हेतूंत खोट नव्हती. भिंतीस श्वास लागतो हें ध्यानांत आलें नव्हतें.

माझ्या विद्यार्थ्याच्या भिंतींचें दुखणें नेमकें हेंच होतें. त्याच्या आजोबांनीं हॉटेल बांधलें तें विटा, माती व चुना यांत, आणि पायाखालीं आमची काळी जमीन, जी पावसाचें पाणी महिनोन् महिने पोटांत धरून ठेवते. अशा भिंतींत ओल जमिनींतून वर चढते. चुन्याचा थर सच्छिद्र असल्यामुळें ती ओल उन्हाळ्यांत त्यांतून निघून जाते. प्लॅस्टिक रंगाचा पापुद्रा तिची वाट अडवितो. आंत क्षार सांठतात, फुगतात आणि रंगास गिलाव्यासकट बाहेर लोटतात. नव्या सिमेंटच्या कोरड्या भिंतीवर तोच रंग वर्षानुवर्षें नीट राहतो. दोष रंगाचा नव्हता, सोयरिकीचा होता. आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकल्या असत्या तर ओल तशीच राहून फक्त दृष्टीआड झाली असती.

म्हणून एका रविवारीं आम्ही दोघे त्याच्या हॉटेलांत गेलों. जुन्या वास्तूंचे जाणकार रंग ठरविण्यापूर्वीं भिंतीचा हातभर तुकडा थराथरानें खरवडतात. प्रत्येक थर बोटभर उघडा ठेवीत गेलें म्हणजे पायऱ्या तयार होतात, आणि त्या पायऱ्यांवर वास्तूचें चरित्र उलटें वाचतां येतें. जुन्या तेलरंगांत शिसें असूं शकतें. घरगुती रंगांत त्याचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला. त्यामुळें तोंडाला फडकें बांधून, भिंत ओली करून आणि चहाची भट्टी बंद ठेवून आम्ही काम केलें. वर मळकट झालेला साईचा प्लॅस्टिक रंग. त्याखालीं कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरव्या तेलरंगाचा पट्टा, बाकांवर टेकणाऱ्या पाठींचे डाग दिसूं नयेत म्हणून दिलेला. त्याखालीं गुलाबी डिस्टेंपर. मग एकावर एक आकाशी चुन्याचे किती हात, तें मोजतां येईना. आणि सर्वांत तळाशीं पिवडीचा फिका पिंवळा.

आकाशी थर उघडा पडला तेव्हां तो हातांतली पटाशी तशीच धरून थांबला. “हे बाबाच्या वेळचं,” तो म्हणाला. दर दिवाळीच्या आधीं बाप स्वतः कुंचा हातीं घेई, आणि निळीची पुडी सोडण्याचा मान लहानपणीं ह्याचा असे. आई आंतून आली, भिंतीकडे पाहिलें आणि म्हणाली, “नीळ जास्तच टाकत होता तू.” त्या हॉटेलांत कापूस विकून आलेल्या शेतकऱ्यांनीं पैसे मोजले होते, सोयरिकी ठरल्या होत्या, परीक्षेचा निकाल पाहून परतणारीं पोरें रडलीं होतीं, आणि ह्या साऱ्यांच्या मागें ती आकाशी भिंत होती. पट्ट्या ठोकून आपण काय झांकणार होतों, हें मीं त्याला सांगण्याची गरज उरली नाहीं.

प्लॅस्टिक रंग आणि तेलरंग पूर्ण खरवडून काढण्यास आठ दिवस लागले. जेथें गिलावा सुटला होता तेथें चुन्याचाच नवा गिलावा केला. राजूरचा चुना विरवून मधल्या दालनास निळीचा आकाशी हात दिला, खालीं कमरेइतका कावेचा तांबूस पट्टा, आणि मागच्या दोन खोल्यांस आजोबांची पिवडी. मजुरी धरूनही खर्च पट्ट्यांच्या खर्चाहून कमी आला. दालन मोठें वाटूं लागलें, आणि दुपारीं रस्त्यावरच्या उन्हांतून आंत येणाऱ्यास डोळ्यांना थंड वाटतें असें गिऱ्हाइकें सांगतात. यंदाचा पावसाळा आतां सरला आहे. मोरीजवळच्या कोपऱ्यांत ओलीचा एक डाग आला होता. ऊन पडूं लागल्यावर तो आपोआप वाळला. फोड कोठेंही नाहीं. चुना अंगाला लागतो अशी तक्रार मात्र आहे, आणि ती खरी आहे. पांढऱ्या सदऱ्याचीं माणसें भिंतीपासून वीतभर दूर बसतात.

दिवाळी पुन्हां जवळ आली. चुन्याचें काम एकदां करून भागत नाहीं, ह्या वर्षींही हात द्यावा लागेल, असें मीं त्यास बजावलें. त्याच्या मुलीनें निळीची पुडी आधींच आणून फळीवर ठेवली होती. तो भट्टींत लांकूड सारीत म्हणाला, “द्यावाच लागते, सर. घर हाये नं ते.”